अमेरिकन नाण्यांच्या संग्रहात मधली बरीच वर्षं राहून गेली आहेत – मदत हवी आहे

वैदेही१२
नमस्कार. राज्यांचे क्वार्टर (पाव डॉलरची नाणी, प्रत्येक राज्याचं वेगळं डिझाइन) आम्ही मायलेकींनी जमवले होते, पन्नासच्या पन्नास आहेत. मग लेक कॉलेजला गेली आणि सगळं मागे पडलं. पेनी (एक सेंटचं नाणं) बंद झाल्याची बातमी आली तेव्हा तिनेच विषय काढला, की आई, आपला संग्रह पुढे नेऊया. आता सुट्टे बघते तर क्वार्टरवर वटवाघूळ काय, अंतराळवीर बाई काय, कशाचीच टोटल लागत नाहीये. मधल्या काळात नक्की काय काय निघालं आणि ते वाजवी दरात कसं मिळवायचं? येत्या शनिवारी इथे कॉइन शो आहे, त्याआधी यादी हवी. गूगल करून झालंय, प्रत्येक साइट वेगळंच सांगते. तेव्हा कृपया लिंका देऊ नका, सरळ लिहा.

केदार_क
तुम्ही राहता कुठे? अमेरिकेत की परत आलात? नुसते क्वार्टर की सगळी नाणी? प्रत्येक डिझाइनचं एक नाणं पुरे की पी आणि डी दोन्ही हवेत? वापरातली चालतील की कोरीच हवीत? हे कळल्याशिवाय यादी कशी देणार?

वैदेही१२
न्यू जर्सी. क्वार्टर आणि राष्ट्राध्यक्षांच्या चित्रांची एक डॉलरची नाणी. पी-डी म्हणजे काय? आमचा अल्बम नकाशाचा आहे, प्रत्येक राज्याला एकच भोक.

केदार_क
टाकसाळीची खूण. पी फिलाडेल्फिया, डी डेन्व्हर. तुमच्या राज्यांच्या क्वार्टरवर वॉशिंग्टनच्या मागे, शेंडीच्या बाजूला, ‘इन गॉड वुई ट्रस्ट’च्या खाली बारीक अक्षर आहे बघा. एकच भोक असेल तर दोन्ही टाकसाळींचा हट्ट धरू नका, काम निम्म्यावर येतं. डॉलर कुठपर्यंत आहेत?

वैदेही१२
झॅकरी टेलर शेवटचा.

नाणेकाका
म्हणजे तुम्ही २००९ च्या अखेरीस थांबलात. आता क्रमाने सांगतो, लिहून घ्या.

राज्यांची मालिका २००८ मध्ये हवाईवर संपली. २००९ मध्ये राजधानी वॉशिंग्टन डीसी आणि पाच प्रदेश मिळून सहा क्वार्टर आले: डीसी, प्वेर्तो रिको, ग्वाम, अमेरिकन सामोआ, यूएस व्हर्जिन आयलंड्स आणि नॉर्दर्न मारियाना. हे तुमच्याकडे आहेत का, ते आधी तपासा. पन्नास भोकांच्या अल्बममध्ये त्यांना जागाच नसते, त्यामुळे बऱ्याच लोकांचे नेमके हेच राहून गेलेत. मंदीचं वर्ष होतं, नाणी फार कमी पाडली. २००० सालचा व्हर्जिनिया क्वार्टर एकट्या फिलाडेल्फियाने ९४ कोटींच्या वर पाडला होता. नॉर्दर्न मारियानाचे दोन्ही टाकसाळी मिळून साडेसात कोटीसुद्धा नाहीत.

२०१० ते २०२१ राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळं, वर्षाला पाच. २०२१ मध्ये फक्त एक, अलाबामाचे टस्कीगी वैमानिक. एकूण ५६. तुमचं वटवाघूळ यातलंच, २०२० चं अमेरिकन सामोआ, पिल्लाला कवटाळून लटकलेली आई. २०२१ मध्येच डेलावेअर नदी ओलांडणारा वॉशिंग्टन, एक. २०२२ ते २०२५ अमेरिकन स्त्रिया, वर्षाला पाच म्हणजे २०. अंतराळवीर बाई ती सॅली राइड, २०२२ ची.

६ + ५६ + १ + २० = ८३. शिवाय २०२६ मध्ये स्वातंत्र्याच्या २५० व्या वर्षाचे वेगळे आहेतच.

वैदेही१२
काका, शतशः आभार, हेच हवं होतं! सहातले डीसी आणि ग्वाम आहेत, बाकीचे नाहीत.

चिल्लरबहाद्दर
शोमध्ये एक पैसाही घालवू नका. बँकेत जा आणि क्वार्टरचे रोल मागा. एका रोलमध्ये ४० नाणी, दहा डॉलर. घरी चहा पीत चाळायचे, हवे ते काढायचे, उरलेले परत भरायचे. मी गेली कित्येक वर्षं हेच करतोय आणि दर्शनी किमतीच्या वर छदामही दिलेला नाही. फक्त ज्या शाखेतून आणता तिथेच परत देऊ नका, कॅशियर वैतागतात.

स्नेहल_बे_एरिया
शनिवारपर्यंत ८३ डिझाइन रोल चाळून मिळणार आहेत का? त्यापेक्षा टाकसाळीचे वार्षिक ‘अनसर्क्युलेटेड’ (चलनात न फिरलेल्या नाण्यांचे) सेट घ्या. त्या वर्षीचे सगळे क्वार्टर, पी आणि डी दोन्ही, वर पेनी, निकेल (५ सेंट), डाईम (१० सेंट), अर्धा डॉलरसुद्धा. वर्षाला एक पाकीट, विषय संपला. जुने सेट विक्रेत्यांकडे सहज मिळतात.

चिल्लरबहाद्दर
आणि पाकीट फोडून क्वार्टर काढले की बाकीच्यांचं काय करायचं? शोधण्यातच मजा आहे. तयार पाकिटं घेणं म्हणजे संग्रह नव्हे, खरेदी.

स्नेहल_बे_एरिया
ज्याला वेळ आहे त्याने शोधावं. दोन लहान मुलं असताना मी रोल कधी चाळू? विकत घेतलेलं नाणंही मी तितक्याच प्रेमाने बघते.

नाणेकाका
भांडू नका, दोन्ही रस्ते ठीक आहेत. पण सेटबद्दल एक सांगायला हवं. २००५ ते २०१० च्या अनसर्क्युलेटेड सेटमधली नाणी ‘सॅटिन’ फिनिशची आहेत, मऊसर, तुकतुकीत. रोजच्या वापरातल्या नाण्यांशेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. त्यामुळे २००९ आणि २०१० चे क्वार्टर सुटे घ्या. २०११ पासून ही अडचण नाही.

अण्णा_सिन्नर
माझ्याकडे वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं आहे. फोनवर जाहिरात आली, १० लाख देतो म्हणतात. कुणाला विकावं?

केदार_क
अण्णा, विषय वेगळा आहे, पण तरी सांगतो: एक रुपयाही पाठवू नका. आधी नोंदणी फी, मग कर, मग कमिशन असं मागत जातात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर सूचना काढली होती, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही आणि कुणाकडून फी घेत नाही. ते नाणं २०१२ चं, वापरातलं आहे. लाखात जाण्याचा प्रश्नच नाही.

अण्णा_सिन्नर
धन्यवाद. नोंदणीचे ७५० मागितलेच होते.

सुगरण_मी
वैदेहीताई, जुनी नाणी काळपट पडली असतील तर चिंचेच्या कोळात मीठ घालून चोळा. देवाच्या भांड्यांसारखी लख्ख होतात. मी पेन्यांवर करून पाहिलंय.

नाणेकाका
नाही, नाही! कृपया कुणीही हे करू नका. १९८२ च्या मध्यापासूनची पेनी आतून जस्ताची आहे, वरून तांब्याचा पातळ मुलामा. आंबट लावून चोळलं की मुलामा जातो आणि काही दिवसांत पांढरे फोड येतात. क्वार्टर घासले तरी पृष्ठभागावर बारीक चरे पडतात. जाणकार एका नजरेत ओळखतो आणि भाव पाडतो. काळपट नाणं काळपटच राहू दे.

अपवाद एकच. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात राहून नाण्यावर हिरवा चिकट थर आला असेल, तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायचं, चोळायचं नाही. हार्डवेअरच्या दुकानात डब्यात मिळतं ते. नेलपॉलिश काढायचं नको, त्यात सुगंध आणि तेलं असतात. खिडकी उघडी हवी, गॅस बंद हवा.

वैदेही१२
हिरवा थर आहे! लिंकन पेनीच्या पाकिटात. बरं झालं विचारलं. पण आता माझ्या डॉलरचं बोला ना कुणीतरी. काल बँकेत विचारलं, तर तिथल्या मुलाने सांगितलं की नवे येतच नाहीत.

केदार_क
बरोबर सांगितलं त्याने. टेलरनंतर २०१० मध्ये फिलमोर, पिअर्स, ब्युकॅनन, लिंकन आणि २०११ मध्ये अँड्रू जॉन्सन, ग्रँट, हेस, गारफील्ड. हे आठ चलनासाठी पाडले होते, एखाद्या बँकेच्या रोलमध्ये नशिबाने सापडतील. पण लोक डॉलरचं नाणं वापरत नव्हते, फेडरल रिझर्व्हच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) तिजोऱ्यांत एक अब्जाहून जास्त पडून होते. म्हणून २०११ च्या डिसेंबरात सरकारने चलनासाठी पाडणं थांबवलं. २०१२ पासून फक्त संग्राहकांसाठी. २०१६ मध्ये रेगनपर्यंत येऊन मालिका थांबली, मग २०२० मध्ये थोरले बुश. २०१२ पासूनची ही २० नाणी विकतच घ्यावी लागतील.

क्लीव्हलँड दोनदा घ्यायचा. त्याच्या दोन कारकिर्दी सलग नव्हत्या म्हणून त्याची दोन नाणी आहेत, दोन्ही २०१२ ची. डॉलरचं साल आणि टाकसाळीची खूण नाण्याच्या कडेवर असते, अल्बममध्ये दिसत नाही. घेताना आडवं धरून वाचा.

चिल्लरबहाद्दर
डॉलरपुरतं मान्य, तिथे रोल कामाचे नाहीत. क्वार्टरला मात्र चाळाच. २०१९ आणि २०२० मध्ये वेस्ट पॉइंटच्या टाकसाळीने डब्ल्यू खुणेचे क्वार्टर मुद्दाम चलनात सोडले, दहा डिझाइनचे प्रत्येकी फक्त २० लाख. पी-डी कोट्यवधी असतात, त्यापुढे हे काहीच नाही. २०२० च्या डब्ल्यूवर पुढच्या बाजूला छोटं ‘व्ही ७५’ही कोरलंय, दुसरं महायुद्ध संपल्याला ७५ वर्षं झाली म्हणून. मला मॅसॅच्युसेट्सचं लोवेल मिळालं, लाँड्रोमॅटच्या (नाणी टाकून कपडे धुण्याच्या दुकानाच्या) सुट्ट्यांत. घड्याळाचा मनोरा, गिरणी, समोर माग चालवणारी मुलगी आणि शेंडीजवळ तो डब्ल्यू. ते दिसलं तेव्हा मशीनमध्ये टाकायचं नाणं हातातच राहिलं. हा आनंद पाकिटात मिळत नाही, स्नेहल.

स्नेहल_बे_एरिया
हे वाचून मलाही रोल आणावासा वाटतोय, खरंच :)

वैदेही१२
एका विक्रेत्याने फोनवर ‘संपूर्ण संच’ सांगितला, पी, डी, एस आणि प्रूफ, चांदीच्या क्वार्टरसकट. किंमत ऐकून गप्पच बसले. एस पण लागतात का?

केदार_क
अजिबात नाही. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. तिथले प्रूफ म्हणजे खास पॉलिश केलेल्या साच्यांची आरशासारखी नाणी आणि चांदीचे त्यातलेच. शिवाय २०१२ पासून एस खुणेचे साधे क्वार्टरही निघाले, तेही संग्राहकांसाठीच, चलनात कधी आलेच नाहीत. तुमचे राज्यांचे क्वार्टर सुट्ट्यांतून आलेत, त्यांच्यापुढे साधे पी किंवा डीच शोभतात. शोमध्ये ‘साधा पी, चलनासाठी पाडलेला, पण न वापरलेला’ असं स्पष्ट सांगा. संच घेऊ नका.

मेघना_साक्रामेंटो
एक सुचवू का? मिसिसिपीच्या पूर्वेला बहुतेक पी फिरतात, पश्चिमेला डी. माझ्या बरणीत डीच डी आहेत, पी मिळता मिळत नाहीत. वैदेहीला दोन्ही खुणांचा मोह झालाच, तर अदलाबदल करू. स्त्रियांच्या मालिकेतले २०२२ चे पाचही माझ्याकडे जास्तीचे आहेत: माया अँजेलो, सॅली राइड, विल्मा मॅनकिलर, नीना ओतेरो-वॉरन, अ‍ॅना मे वाँग.

या मालिकेवरचा वॉशिंग्टन उजवीकडे तोंड केलेला आहे ना, तो लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार बाईंनी १९३२ च्या क्वार्टरसाठी केला होता. तेव्हाचे अर्थमंत्री मेलन यांनी दुसऱ्याचं डिझाइन निवडलं. ९० वर्षांनी बाईंचं काम क्वार्टरवर आलं आणि तेही स्त्रियांच्या मालिकेत. मला त्या नाण्याचं हेच सगळ्यात आवडतं.

वैदेही१२
शोहून आत्ताच परत आले. उद्यानांचे ५६ साठी नवा अल्बम घेतला, दोन भोकांचा, पी आणि डी, कारण लेकीने मेघनाचा प्रतिसाद वाचला :) एका आजोबांकडे सुट्या नाण्यांचा खोका होता, डॉलरला एक. त्यातून २०१० ते २०१५ चे पी बहुतेक मिळाले. प्वेर्तो रिको आणि सामोआ मिळाले. २०१२ पासूनच्या डॉलरपैकी दोन्ही क्लीव्हलँड, टाफ्ट आणि केनेडी मिळाले, कडा वाचूनच घेतले. बाकीचे पुढच्या महिन्यात.

मेघना, माझ्याकडे जास्तीचे पी: यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, गेटिसबर्ग, एव्हरग्लेड्स, टॉलग्रास प्रेअरी. मला हवेत: २०२२ चे पाचही डी, नॉर्दर्न मारियाना आणि व्हर्जिन आयलंड्स कुठल्याही खुणेचे.

मेघना_साक्रामेंटो
मारियाना नाही, व्हर्जिन आयलंड्स डी आहे. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, सोमवारी पाकीट टाकते. मला गेटिसबर्ग आणि एव्हरग्लेड्स द्या.

चिल्लरबहाद्दर
मारियाना पी माझ्याकडे दोन आहेत. एक वैदेहीला, बदल्यात काही नको.

सुगरण_मी
काका, चिंच लावलेल्या पेन्या आता अ‍ॅसिटोनमध्ये घातल्या तर काही उपयोग होईल का?

नाणेकाका
नाही, गेलेला मुलामा परत येत नाही. पण साल कुठलं आहे ते बघा. १९८१ पर्यंतच्या असतील तर आतूनही जवळपास तांबंच आहे, त्यांना फोड येणार नाहीत. साध्या पाण्याने धुऊन, टिपून, पूर्ण कोरड्या करून कागदी पाकिटात ठेवा.