मदत हवी आहे : पॉमेरेनियन म्हणून देतायत पण वाटतंय स्पिट्झच

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. आईला सोबत म्हणून छोटं कुत्रं घ्यायचं चाललंय. निपाणीकडच्या एकानं पांढरं पिल्लू दाखवलं, प्युअर पॉम म्हणतोय, पण पिल्लाची आई बघितली तर उचलताना सहज ७-८ किलो भरेल, तोंडही लांबुडकं. आपल्याकडं पांढरं झुबकेदार शेपटीचं दिसलं की पॉमच म्हणतात सगळे, ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतंय.

मी वाचलंय त्याप्रमाणं एफसीआयच्या (कुत्र्यांच्या जातींची आंतरराष्ट्रीय संघटना) स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या ठरलेल्या मापात, पॉमची उंची १८ ते २४ सेंमी आणि अमेरिकन स्टँडर्डमध्ये वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. तोंड आखूड, कान बारीक आणि उभे, शेपटी पाठीवर टेकलेली, केस दुहेरी, आत मऊ लोकर आणि वर ताठ. हे मोठ्या कुत्र्याचं झालं हो, पण ४५ दिवसाच्या पिल्लात काय बघायचं? सगळीच कापसाच्या बोळ्यासारखी दिसतात. वर तो टीकप (कपात मावेल इतकं छोटं पॉम) आहे म्हणून जादा पैसे मागतोय, तसली वेगळी जात कुठल्याच स्टँडर्डमध्ये नाही तरी.

स्पिट्झ असलं तरी आईला चालेल, उलट आपल्या उन्हाळ्याला तेच बरं, फक्त पैसे पॉमचे द्यायचे नाहीत. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) जातीच्या नोंदणीचे पेपर नंतर देतो म्हणतोय, मायक्रोचिपचं (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती चिप) विचारलं तर विषयच बदलला. बेळगाव, खानापूर भागात कुणी पेपरवालं पिल्लू घेतलंय का? डोक्यावरची टाळू भरलीय का, गुडघ्याची वाटी सरकते का, हे इथं कुठले डॉक्टर नीट तपासून देतात तेवढं सांगा, रविवारच्या आत त्याला हो-नाही कळवायचंय.