‘पाणी चढून नाही राहिलं’ म्हटलं की ऐकू येत नाही का?

(नागपुरी बोलीवरची ऑनलाइन चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मनीषनगर

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. विषय एकच, तिसऱ्या माळ्यावर पाणी चढत नाही. माझे बाबा ७१ वर्षांचे. गिरणीत ३१ वर्षं फिटर होते, वाफेच्या नि पाण्याच्या लायनीवर उभा जन्म गेला. ते उठून म्हणाले, ‘साहेब, टाकीचा व्हाल अर्धाच खुलून राहिला जी. म्हणून पानी वर चढून नाही राहिलं.’

दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका काकूंनी ओठाला पदर लावला. सचिव म्हणाले, ‘बरं बरं, बसा काकाजी.’ मग नवी मोटर घ्यायची की जुनीच दुरुस्त करून आणायची, यावर वीस मिनिटं गेली. शेवटी दुसऱ्या विंगमधले एक गृहस्थ बोलले, ‘मेन व्हॉल्व पार्शली ओपन आहे, त्यामुळे प्रेशर ड्रॉप होतंय.’ सगळ्यांच्या माना हलल्या. सोमवारी प्लंबर आला, व्हाल पूर्ण उघडला, पाणी चढलं.

लिफ्टमध्ये बाबा गप्प होते. घराचं कुलूप काढताना म्हणाले, ‘मी मराठीतच बोललो नं गा?’

माझं म्हणणं सरळ आहे. चांगलं बोलावं कसं याचे वर्ग निघतात, उच्चार सुधारून मिळतात. पण माणसाच्या क्रियापदावरून त्याचा मोहल्ला ओळखायचा आणि मोहल्ल्यावरून त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते ठरवायचं, अशी सवय असलेल्यांना संभाषण येतं असं मी मानत नाही. तुम्हाला काय वाटतं?

आठवी ब

तुमच्या बाबांना हसणारे चुकले, त्यात शंका नाही. पण पुढचं मला पटत नाही.

मी नागपुरातच २२ वर्षं मराठी शिकवते. माझ्या वर्गात ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ बोलणारी पोरं येतात आणि मी त्यांना ‘मला’, ‘तुला’, ‘का’ लिहायला लावते. अर्ज लिहिताना, मुलाखत देताना, पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवताना त्यांना हीच भाषा लागणार आहे. प्रमाणभाषा ही शिडी आहे. ‘बोलीच गोड, बोलीच खरी’ असं म्हणणारे बहुतेक जण ती शिडी चढून वर बसलेले असतात. तुम्हीच पाहा, तुमची पोस्ट कोणत्या मराठीत आहे? एका ओळीत ‘मोहल्ला’ आलं, एवढाच काय तो नागपूरचा वास. माझ्या मुलांना ही भाषा मी दिली नाही तर त्यांना ती कोण देणार? ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्यांची सोय घरीच होते.

भाषेचा विद्यार्थी

बाई, शिडीची गोष्ट खरी आहे, पण शिडी कोणत्या भिंतीला लावायची ते कोणी ठरवलं, हेही पाहायला हवं. १९६२ साली विल्यम लबाव या अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत एक साधा प्रयोग केला. एक दुकान श्रीमंतांचं, एक मधल्या लोकांचं, एक स्वस्ताईचं. चौथ्या माळ्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे, एवढंच तो विकणाऱ्यांना विचारायचा. उत्तरातल्या ‘फोर्थ फ्लोर’ या दोन शब्दांत ‘र’ नीट उच्चारला जातो की गिळला जातो, हे त्याला टिपायचं होतं. महागड्या दुकानात ‘र’ सर्वांत जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. पुन्हा विचारलं की लोक सावरून बोलत आणि ‘र’ वाढे.

खरी गंमत पुढेच आहे. इंग्लंडच्या प्रतिष्ठित उच्चारात हाच ‘र’ गिळतात. तिथे गिळणारा वरचा, न्यूयॉर्कमध्ये गिळणारा खालचा. म्हणजे मान-अपमान त्या ध्वनीत नाही, तो उच्चारणारा कोण याच्यात आहे. ‘येऊन राहिलो’ पुण्याच्या पेठांत जन्मलं असतं तर आज ‘येतोय’वर लोक हसले असते.

आठवी ब

त्या प्रयोगातले विक्रेते पुन्हा विचारल्यावर सावरून बोलले ना? त्यांना ठाऊक होतं की गिऱ्हाईक उच्चारावरून पारखतं. माझ्या मुलांनाही ते ठाऊक असावं, एवढंच माझं म्हणणं. अन्याय आहे हे मान्य. पण अन्याय संपेपर्यंत पोराला मुलाखतीला पाठवायचंच नाही का?

पेठेतला पाहुणा

नोकरीमुळे नागपुरात चार वर्षं आहे. स्पष्ट सांगतो, ‘करून राहिलो’ ही हिंदीची नक्कल आहे. आणि इथलं बोलणं मला उद्धट वाटतं. अनोळखी माणूस थेट ‘का बे’ म्हणतो. चांगल्या संभाषणात थोडं अंतर, थोडी अदब हवीच.

इंदोरा

दादा, ‘बे’ ऐकलं, ‘जी’ नाही ऐकलं? धागाकर्त्याच्या बाबांचं वाक्यच पाहा, सचिवांशी बोलताना त्यांनी ‘राहिला जी’ म्हटलं. आमच्याकडे बरोबरीच्याला ‘गा’, मोठ्याला ‘जी’, बाईमाणसाला ‘वं’. कोणाशी काय लावायचं याचं भान प्रत्येक वाक्याच्या शेपटीला असतं. ‘उद्या येजो’ म्हणतो तेव्हा हुकूम नसतो, तुझ्या सवडीने ये असं त्यात असतं. आणि ज्या ‘गा’ला तुम्ही गावंढळ म्हणाल ते ज्ञानेश्वरीत ओळीओळीला आहे. महानुभाव पंथाचं जुनं मराठी गद्य घडलं ते ऋद्धिपूरला, म्हणजे आमच्याच वऱ्हाडात.

पण बाईंचं एक म्हणणं मला टाकून देता येत नाही. आमच्या घरात आजी बोलीतच बोलायची. आईने मात्र आम्हाला ‘पानी’ म्हटलं की थांबवून ‘पाणी’ म्हणायला लावलं. ‘ण’ आला नाही की पुढचा प्रश्न ‘पूर्ण नाव काय?’ असा येतो, हे तिला माहीत होतं. इथे वरचा-खालचा म्हणताहेत, आमच्या वस्तीत त्याला जात म्हणतात. बाबासाहेबांनी १९२० साली पाक्षिक काढलं त्याचं नाव ‘मूकनायक’. मुक्यांची बाजू त्यांनी प्रमाण मराठीत मांडली आणि ज्यांची ती भाषा होती त्यांनाच ती ऐकवली. ही भाषा आम्हाला कोणी दिली नाही, आम्ही घेतली. म्हणून ती शिकवायला माझा विरोध नाही. आईने शिकवली ती भीतीपोटी, ते अजून सलतं. आजीशी बोलताना मी हळूहळू तिची वाक्यं दुरुस्त करू लागलो होतो. ती बोलायची कमी झाली.

बर्डीवाला

माझं बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कापडाचं दुकान आहे. रोज पाहतो. गिऱ्हाईक मराठी, मी मराठी, आणि सौदा हिंदीत. लोक म्हणतात नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी प्रांताची राजधानी होतं, म्हणून सवय. असेल. पण मला वाटतं कारण आणखी एक आहे. मराठी बोललो की मी महालचा, धरमपेठचा की उमरेडकडचा, ते दोन वाक्यांत कळतं. हिंदी बोललं की कोणाचं काही कळत नाही. दोघं झाकलेले, दोघं बरोबरीत. भाव झाला, पिशवी हातात आली की तेच गिऱ्हाईक म्हणतं, ‘बरं येतो, भाऊ.’ तेव्हा मराठी.

पेठेतला पाहुणा

‘जी’चं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ऑफिसातले शिपाईकाका रोज मला ‘हो जी’ म्हणतात आणि मी ते हिंदी समजत होतो. ‘राहिलो’बद्दल मत कायम आहे.

आठवी ब

इंदोरा, तुमच्या आजीचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मी ‘चूक’ म्हणून लाल रेघ मारते. ‘घरी असं, इथे असं’ म्हणून शिकवता येईल का, याचा विचार करते आहे. चाळीस वह्या असतात, दोन तासिका असतात, तरीही.

मनीषनगर

बाई, माझ्या भाषेबद्दल तुम्ही बोललात ते खरं आहे. मला दोन्ही मराठी येतात. आणि म्हणूनच माझी चूक सगळ्यात मोठी. त्या गृहस्थांचं बोलणं संपल्यावर मला फक्त उभं राहून ‘बाबा मघाशी हेच म्हणाले’ इतकं सांगायचं होतं. प्रमाण मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी मान हलवणाऱ्यांत होतो.

काल सचिवांना फोन केला. इतिवृत्तात बिघाड आधी बाबांनी सांगितला होता अशी नोंद घ्या म्हटलं. ते चांगले माणूस आहेत, वाद घातला नाही. फक्त विचारलं, ‘काकाजी बोलले होते का काही?’