घटनेला राज्यांची मंजुरी: अमेरिकेत घेतली, मग आपल्याकडे का नाही?

कडूगोड:
सध्या अमेरिकेच्या घटनेबद्दल वाचतोय. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला मसुद्यावर सह्या झाल्या पण १३ पैकी ९ राज्यांनी मान्यता दिल्याशिवाय त्या कागदाला काही किंमत नव्हती. आपल्याकडे मात्र २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीने घटना स्वीकारली आणि विषय संपला. ना प्रांतांकडे पाठवली, ना सार्वमत घेतलं. समितीसुद्धा प्रांतांच्या विधिमंडळांनी निवडून दिलेली आणि त्या विधिमंडळांचे मतदार तरी किती, मालमत्ता नाहीतर शिक्षण असलेलेच बहुतेक. मग 'आम्ही भारताचे लोक' कुठल्या हिशेबाने? भांडण काढायचं नाहीये, खरंच प्रश्न पडलाय.

तर्कटी:
अमेरिकेचं फार कौतुक नको रे. तिथे राज्यांनी आधी आपसात केलेल्या संघाच्या करारात बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांची संमती लागायची, आणि ऱ्होड आयलंडने तर फिलाडेल्फियाला माणूसच पाठवला नव्हता, म्हणजे एकमत होणार नाही हे दिसतच होतं. म्हणून ह्यांनी स्वतःच नियम केला की ९ झाले की बास. बरं नववं न्यू हॅम्पशायर जून १७८८ मध्ये आलं तरी व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क बाहेर राहिले असते तर त्या संघाला काय अर्थ होता? व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७, इतक्यावर निभावलं. ऱ्होड आयलंड तर मे १७९० मध्ये आलं, ३४ विरुद्ध ३२. तोवर वॉशिंग्टनला अध्यक्ष होऊन वर्ष उलटलेलं आणि सिनेटने ऱ्होड आयलंडशी व्यापारच बंद करायचं बिल पास करून ठेवलेलं. ह्याला राजीखुशीची मंजुरी म्हणायची असेल तर म्हणा.

रात्रपाळी:
+१. आणि मुळात तुलनाच जमत नाही. तिकडे राज्यं आधी, संघ नंतर. आपले प्रांत म्हणजे ब्रिटिशांनी कारभारासाठी पाडलेले तुकडे, सार्वभौम कधीच नव्हते, मग ते मंजुरी देणार कुठल्या अधिकारात? संस्थानांची गोष्ट मात्र वेगळी आणि हे फारसं कोणी सांगत नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये संस्थानांच्या वतीने एकेक जाहीरनामा निघाला की भारताची घटना आम्हाला मान्य. निजामाचं फर्मान २३ तारखेचं, काश्मीरचा करणसिंगांचा जाहीरनामा २५ चा (तिथे लागू होतील तेवढीच कलमं, ते प्रकरण वेगळंच). म्हणजे जिथे कायद्याने संमती लागत होती तिथे ती घेतली. बाकी मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्येच जाहीर करून सूचना मागवल्या होत्या, लोकांपासून लपवून काही केलं नाही. फिलाडेल्फियात तर सगळं बंद दाराआड चाललेलं.

कडूगोड:
संस्थानांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण तुम्हीच बघा, ती मंजुरी राजांची झाली. माझा प्रश्न प्रजेचा होता :)

पानगळ:
तुमचा आक्षेप खुद्द समितीतच घेऊन झालाय. दामोदर स्वरूप सेठ नोव्हेंबर १९४८ मध्ये म्हणाले होते की ही समिती सगळ्या जनतेची नाही, प्रौढ मतदानाने नवी निवडा. पण तेव्हा सगळ्या प्रौढांची मतदारयादीच नव्हती, आणि ती होईपर्यंत देश १९३५ च्या ब्रिटिश कायद्यावर चालवत बसायचा का? आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात ह्याचं रोखठोक उत्तर दिलंय. ज्यांना घटना पटत नाही त्यांनी दोनतृतीयांश बहुमत मिळवावं आणि बदलावी, प्रौढ मतदानाने आलेल्या संसदेत तेवढंही जमत नसेल तर त्यांची नाराजी लोकांची नाराजी धरता येणार नाही. म्हणजे मंजुरी आधी घेण्याऐवजी बदलायची वाट पुढच्यांना मोकळी ठेवली. अमेरिकेत तीनचतुर्थांश राज्यं लागतात, तिथे आधी मंजुरी घेणं भागच होतं. मला हे उत्तर पटतं.

तर्कटी:
पटण्यासारखंच आहे, फक्त पहिली घटनादुरुस्ती जून १९५१ ला झाली, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्याही आधी. म्हणजे प्रौढ मतदानाची संसद यायच्या आत त्याच जुन्या लोकांनी हंगामी संसद म्हणून बसून बदल केला, तोही भाषणस्वातंत्र्याच्या कलमात. हंगामी संसदेला हा अधिकार आहेच का, हे शंकरीप्रसाद खटल्यात विचारलं गेलं आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं, आहे. कडूगोड, पुढे वाचायचं असेल तर तो निकाल वाच, तुझा खरा मुद्दा तिथे आहे.