बागेच्या जागेवर शॉपिंग कॉम्प्लेक्स: पालिकेच्या परवानगीविरुद्ध कोर्टात जाता येतं का?

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातलं आमचं नगरपालिकेचं गाव, नाव देत नाही. गल्लीमागं एक मोकळी जागा आहे, डीपीत, म्हणजे गावाच्या विकास आराखड्यात, बागेचं आरक्षण आहे असं लहानपणापासून ऐकतोय, बाग काही झाली नाही पण दोन मोठे निंब आहेत, सकाळी त्याखाली भाजीवाल्या बाया बसतात, सध्या भरताच्या वांग्यांचे ढीग असतात, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. मागच्या आठवड्यात पत्रे ठोकले अन् जेसीबी आला तेव्हा कळलं की तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स होतंय, खाली सुपरमार्केट वर गाळे, सभेत ठरावही झालाय म्हणे. पालिकेत विचारलं तर "परवानगी दिलेली आहे" एवढंच उत्तर. माझं किराणा दुकान त्याच रस्त्यावर आहे, धंद्यावर परिणाम होणारच, पण मला त्या जागेचं जास्त लागलंय. हायकोर्टात जाता येतं का? अन् गिऱ्हाईक तुटेल हा मुद्दा चालतो का?

धुळ्याचा वकील:
भाऊ, गिऱ्हाईकाचा मुद्दा नाही चालत. 1976 ची जसभाई देसाई केस आहे, नव्या थिएटरला ना-हरकत मिळाली म्हणून दुसरा थिएटरवाला कोर्टात गेला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसता धंद्यातला स्पर्धक हा बाधित माणूस धरता येत नाही. याचिकेत दुकानावर भर दिलात तर समोरचा वकील सगळ्यात आधी तेच धरेल. तुम्ही गल्लीतले रहिवासी म्हणून जा. 1974 मध्ये उडुपीत योजनेविरुद्ध थिएटरला परवानगी दिली होती, रहिवासी लढला, परवानगी रद्द झाली. 1991 ला बंगळुरूत बागेची जागा खाजगी दवाखान्याला दिली, तिथंही रहिवाशांचं ऐकलं गेलं.
आता मुख्य गोष्ट. आरक्षण नुसत्या ठरावानं बदलत नाही. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली राजपत्रात नोटीस, हरकती व सूचना, सुनावणी अन् मग शासनाची मंजुरी, एवढं सगळं लागतं. यातलं काय झालं नाही ते शोधा, केस तिथंच आहे. गावाला कॉम्प्लेक्स हवं का नको यात कोर्ट पडत नाही, निर्णय कायद्यानं झाला का एवढंच बघतं. कलम 47 चं अपील ज्यानं परवानगी मागितली त्यालाच आहे, शेजाऱ्याला नाही, म्हणून तुम्हाला रिटच, म्हणजे थेट हायकोर्टात याचिका, अन् जळगाव धुळे नंदुरबारसाठी ती हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात.

तापीवाला:
एकच सांगतो भो, उशीर करू नका. आमच्याकडे असंच झालं, आम्ही सह्या गोळा करत बसलो, माहिती अधिकारात अर्ज टाकून 30 दिवस उत्तराची वाट बघितली, तोवर दोन स्लॅब पडले अन् कोर्टात पहिला प्रश्न आला की इतके दिवस कुठं होता. अर्ज करा पण त्याच्यासाठी थांबू नका. पालिकेला अन् कलेक्टरला लेखी हरकत द्या, पोच घ्या, नगरपालिका कायद्याच्या कलम 308 खाली कलेक्टर ठराव स्थगित करू शकतात.

गाळेवाला:
राग मानू नका पण जागा कोणाची ते आधी बघा. खाजगी मालकाची असेल अन् पालिकेनं 10 वर्षांत घेतली नसेल तर तो एमआरटीपीच्या कलम 127 ची नोटीस देऊन, 24 महिने थांबून आरक्षण सोडवू शकतो. माझ्या काकांची जमीन अशीच अडकली होती, त्यांचं आयुष्य गेलं त्यात. मालकाचीही बाजू असते.

धुळ्याचा वकील:
बरोबर आहे, सिटी सर्व्हेचा उतारा आधी काढा. जागा पालिकेचीच असेल तर 1999 चा लखनौचा निकाल तुमच्या कामाचा, बागेखाली बांधलेला बाजार सुप्रीम कोर्टानं पाडायला लावला होता. पण त्या भरवशावर बांधकाम होऊ देऊ नका, लगेच जैसे थे आदेश मागा.

गिरणाकाठ:
सगळ्यांचे आभार. उतारा काढला, जागा पालिकेच्याच नावावर आहे. डीपीच्या भाग नकाशासाठी अर्ज दिला, पोच घेतली. कलेक्टर ऑफिसलाही हरकत दिली. आज सकाळी एका निंबाच्या फांद्या छाटलेल्या दिसल्या, बाया पत्र्याच्या बाहेर रस्त्यावर वांगी घेऊन बसल्या होत्या, तारखेसकट फोटो काढलेत. गल्लीतले आम्ही सहा जण बुधवारी संभाजीनगरला निघतोय.