मदत हवी आहे: पीआर फ्रीलान्सिंग, रिटेनरच्या करारात काय लिहावं?

पीआरमधली, म्हणजे जनसंपर्कातली नोकरी गेली, आता फ्रीलान्सच करायचं पक्कं केलंय. पहिला क्लायंट म्हणतो, ‘बातमी छापून आली तरच पैसे.’ मला हे मान्य नाही. बातमी घ्यायची की नाही हे संपादक ठरवतो, जागेची हमी फक्त जाहिरातीत मिळते. तासावर दर सांगून पाहिला, तर पत्रकाराला केलेला फॉलोअपचा फोन मोजायचा का, इथेच गाडी अडली. आता रिटेनरवर, म्हणजे दरमहा ठरावीक फीवर, तो जवळपास तयार आहे, पण कामं लेखी मागतोय. मी एकटीच आहे, टीम नाही. जुन्या कंपनीच्या क्लायंटकडे जाता येत नाही, करारात तशी अट आहे.

प्रसिद्धिपत्रकं, पत्रकारांशी संपर्क, मासिक अहवाल एवढं लिहिलंय. क्लायंटवरून अचानक जाहीर वाद उद्भवला तर त्या कामाचा वेगळा दर आत्ताच लिहावा का? आणि ‘कव्हरेजची हमी नाही’ हे कलम क्लायंट बिथरणार नाही अशा शब्दांत तुम्ही कसं लिहिता?