जे चॅनल बघतच नाही त्याचे पैसे मी का भरायचे?

कुंपणावरचा
मंडळी, काल घरात यावरून चांगलीच जुंपली म्हणून इथे विचारतोय. ही जी सार्वजनिक प्रसारणसेवा म्हणतात, म्हणजे बीबीसी, जपानचं एनएचके, आपली आकाशवाणी-दूरदर्शन वगैरे, ती लोकांच्या पैशावर चालवायची गरज आता उरलीये का? सगळं मोबाईलवर मिळतं, मी स्वतः शेवटचं कधी लावलं आठवत पण नाही. भाऊ म्हणतो ज्याला बघायचंय त्याने सबस्क्रिप्शन घ्यावं, बाकीच्यांच्या खिशात हात कशाला. बाबा म्हणतात तुम्हाला नाही कळायचं. आता हे काय उत्तर झालं? आणि ब्रिटनमध्ये म्हणे टीव्ही बघायचं लायसन्स नसेल तर कोर्टात खेचतात, खरंय का? कोणीतरी नीट सांगा, जुन्या आठवणींचे गहिवर नकोत प्लीज.

मध्यमलहर
कोर्टाचं खरं आहे. तिथे तो फौजदारी गुन्हा आहे, दंड १००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. एप्रिल २०२५ मध्ये लायसन्स वर्षाला १७४.५० पौंड झालं आणि ते फक्त बीबीसीसाठी नाही बरं का, कुठलंही चॅनल लाईव्ह बघायचं तरी लागतं. लोकांचा राग मुख्यतः यावर आहे की करोडपती असो की कसंबसं भागवणारा, आकडा तोच. आधी ७५ च्या वरच्यांना फुकट होतं, ऑगस्ट २०२० पासून ते फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत) मिळणाऱ्यांपुरतं ठेवलं, तेव्हा तर अजून बोंबाबोंब झाली.

पण लायसन्स बंद म्हणजे पैसे देणं बंद, असं कुठे फारसं झालेलं नाही. जर्मनीने २०१३ ला टीव्ही आहे की नाही हे विचारणंच सोडून दिलं, घरटी सरसकट वर्गणी लावली, २०२१ मध्ये ती महिन्याला १८.३६ युरो झाली. फिनलंडने त्याच वर्षी उत्पन्नावर कर लावला, वरची मर्यादा ठरवून. फ्रान्सने २०२२ मध्ये वर्गणी काढली आणि तो पैसा व्हॅटमधून द्यायला लागले. म्हणजे खिशात हात आहेच, फक्त खिसा बदलला.

माझ्या मते खरा मुद्दा किती द्यायचे हा नाहीच, नळाची चावी कोणाकडे हा आहे. जर्मनीत किती पैसे लागतील ते एक वेगळा आयोग ठरवतो, राजकारण्यांनी मनाला येईल तो आकडा लावायचा नाही. २०२० मध्ये एका राज्याने वाढ अडवून धरली, वाढ किती तर महिन्याला ८६ सेंट, आणि २०२१ ला तिथल्या घटनात्मक कोर्टाने सांगितलं की असं अडवता येणार नाही, वाढ लागू करा. आता अमेरिका बघा. तिथे १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक रेडिओ-टीव्हीला पैसे देणारं महामंडळ काढलं आणि पुढे १९७० च्या दशकात निधी दोन वर्षं आधीच मंजूर करायची पद्धत पाडली, का तर आजची बातमी झोंबली म्हणून कोणी उद्याचा पैसा तोडू नये. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) तोच आधी मंजूर केलेला १.१ अब्ज डॉलरचा निधी परत घेतला आणि पुढच्याच महिन्यात महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या शहरातली केंद्रं देणग्यांवर तगतील कशीतरी, फटका खेड्यापाड्यातल्या छोट्या केंद्रांना.

खरखर
छान निबंध. पण आपल्याकडे काय? आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमलात आला १९९७ ला, त्यात स्वायत्त वगैरे लिहिलंय. लायसन्स फी १९८० च्या दशकातच बंद झाली, म्हणजे श्रोत्याचा थेट पैसा नाही, आता मोठा खर्च सरकारी तिजोरीतून. पगार सरकार देणार आणि सरकारला टोचेल अशी बातमी हे देणार? चालू द्या.

मध्यमलहर
@खरखर, अहो मी पण तेच म्हणतोय ना, चावी.

मायक्रोफोनमागची
मी काही वर्षं एका केंद्रावर कॅज्युअल उद्घोषक होते (कुठल्या ते सांगत नाही). गहिवर नको म्हणालात तरी एक रात्र सांगते. पूर आला होता, लाईट गेलेली, जनरेटरवर ट्रान्समीटर चालू, मोबाईलला रेंज नाही. प्रिंटर बंद म्हणून ड्यूटी ऑफिसर फोनवर ऐकून कागदावर हाताने लिहून द्यायचे, कुठला पूल बंद, कुठल्या शाळेत सोय केलीये, मदतीचा नंबर. दर वीस मिनिटांनी तेच वाचायचं, हळू, कारण लोक लिहून घेतात. मी दोनदा नंबर वाचला आणि फेडर (माईकचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली केला तोच ड्यूटी रूमचा लँडलाईन वाजला, पलीकडून एक आजी, "बाई, परत सांगा, पेन्सिल सापडत नव्हती." तेव्हा एका खासगी चॅनलवर कॉम्प्युटरला लावून ठेवलेली प्रेमगीतं चालली होती, त्यांचा दोष नाही म्हणा, रात्री तिथे माणूसच नसतो. तर त्या रात्रीचा टीआरपी कसा काढणार? आणि सबस्क्रिप्शन? आजी आधी ओटीपी टाकणार होती का? बाकी @खरखर यांचं बातम्यांबद्दलचं म्हणणं मान्य, आम्हालाही कळायचं काय वाचतोय ते. आणि मानधन आठ आठ महिने अडकायचं, तेही सांगून टाकते.

कुंपणावरचा
ओके, हे पटलं. पण पुरासाठी आख्खी यंत्रणा, मालिका आणि नाचगाण्यासकट, पोसायची का? फक्त बातम्या आणि इशारे ठेवा की.

अवांतरराव
मग एरवी लावणार कोण ते स्टेशन? पूर आल्यावर लोक शोधत बसत नाहीत हो, सवयीचं स्टेशन लावतात. गाणी असतात म्हणून सवय असते.
अवांतर : ग्रीसने ११ जून २०१३ ला ईआरटी, म्हणजे त्यांचं सार्वजनिक रेडिओ-टीव्ही, एका दिवसात बंद केलं, रात्री पडदा काळा. कर्मचारी कित्येक महिने इमारत सोडून गेले नाहीत, इंटरनेटवरून प्रसारण चालू ठेवलं. दोन वर्षांनी सरकार बदललं आणि २०१५ ला परत सुरू. अतिअवांतर : स्वित्झर्लंडमध्ये २०१८ ला थेट लोकांनाच विचारलं की वर्गणी रद्द करायची का, ७१ टक्क्यांहून जास्त नाही म्हणाले. तेव्हा ती वर्षाला ४५१ फ्रँक होती, म्हणजे काही चिल्लर नव्हे.

कुंपणावरचा
भावाला धागा पाठवला, त्याने नुसता अंगठा पाठवलाय. बाबांना पुराचा प्रतिसाद वाचून दाखवला तर विचारतात, "मग आजीला मिळाला का नंबर?"

मायक्रोफोनमागची
मिळाला, आकडा आकडा सुटा करून सांगितला, तिने परत म्हणून दाखवला.

खरखर
आणि तुमचं आठ महिन्यांचं मानधन?

मायक्रोफोनमागची
तेही मिळालं. टीडीएस कापून.