मदत हवी आहे: शहराच्या भेदभावविरोधी ऑर्डिनन्समध्ये 'जात' घालायची आहे, काउन्सिल हलत नाही

कोरी_पाटी
सरळ मुद्द्यावर येते. आमच्या शहराच्या भेदभावविरोधी ऑर्डिनन्समध्ये (म्हणजे शहराच्या कायद्यात) वंश, धर्म, लिंग, अपंगत्व सगळं आहे, जात नाही. ती घालावी म्हणून आम्ही काही रहिवासी वर्षभर मागे लागलोय. सह्या गोळा केल्या, सभांमध्ये बोललो, सगळ्या मेंबरांना ईमेल केल्या. समोर भेटले की सगळे माना डोलावतात, पण विषय काही अजेंड्यावर येत नाही. आता सिटी अटर्नीचं (शहराच्या वकिलाचं) दोन ओळींचं पत्र आलंय: शहराच्या हातात यात फारसं काही नाही. सिएटलने आपल्या कायद्यात जात घातली, मग त्यांच्या हातात होतं ते आमच्या हातात का नाही?

ओळखीतला एक मुलगा, नांदेडकडचा, नोकरीसाठी इथे आला. खोली ठरली, डिपॉझिट दिलं. बोलता बोलता १४ एप्रिलला घरी काय काय असतं ते त्याने सांगितलं आणि लगेच निरोप आला, खोली दुसऱ्या कुणाला दिली. तो काही न बोलता दुसरीकडे राहायला गेला. त्याचं ते काही न बोलणं मला सहन होत नाहीये.

ज्यांनी अशा मोहिमेत प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा, पुढे काय करायचं? अमेरिकेत जात आहे की नाही, हा वाद कृपया इथे नको.

निनाद७
राज्य कुठलं ते लिहिलंच नाहीत. सगळं त्यावर आहे. टेनेसीने २०११ मध्ये आणि आर्कान्साने २०१५ मध्ये असे कायदे केले की शहरांनी राज्याच्या यादीपलीकडे नवे संरक्षित गट काढायचेच नाहीत. तुम्ही तिथे असाल तर काउन्सिलच्या मागे लागून उपयोग नाही. आणि अटर्नीच्या पत्रात कलम दिलंय का?

पावसाळी_गाव
मी सिएटलच्या मोहिमेत होतो. २१ फेब्रुवारी २०२३, सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर. दक्षिण आशियाबाहेर असा कायदा करणारं ते पहिलं शहर. कलमांचा कीस काढत बसू नका, माणसं आणा. दलित संघटना, कामगार युनियन, विद्यार्थी, शीख, मुस्लिम, सगळ्यांना सोबत घ्या. सभागृह भरलं की मेंबर आपोआप हलतात.

निनाद७
@पावसाळी_गाव, तुमच्याकडे ठराव मांडणारी क्षमा सावंत स्वतः काउन्सिलवर होती. शिवाय सिएटलला तक्रारी घ्यायला शहराचं स्वतःचं नागरी हक्क कार्यालय आहे. प्रत्येक गावाकडे ते नसतं.

उत्तरा_सी
धागाकर्तीला नको असलं तरी लिहिते, कारण विषय माझ्याही मुलांचा आहे. भेदभाव वाईटच, त्याला माझा विरोधच आहे. पण कायद्यात 'जात' लिहिली की तो फक्त भारतीय दिसणाऱ्या माणसाकडे बोट दाखवतो. माझ्या मुलीला वर्गात जात विचारली गेली तर तिने काय सांगायचं? तिला ती माहीतही नाही. कॅलिफोर्नियात सिनेटर आयेशा वाहाब यांचं जातभेदाविरुद्धचं एसबी ४०३ विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. ७ ऑक्टोबर २०२३ला गव्हर्नर न्यूसमनी ते नाकारलं, कारण 'वंशावळ' वगैरे शब्दांखाली हे आधीच बेकायदा आहे असं त्यांचं म्हणणं. मग पुन्हा कशाला?

रानजाई
@उत्तरा_सी, तुमच्या मुलीला जात माहीत नाही, कारण तिला ती कुणी विचारली नाही. त्या नांदेडच्या मुलालाही कुणी विचारली नव्हती, १४ एप्रिलवरून ओळखली.

उत्तरा_सी
हे मला लागलं. पण मुद्दा तसाच राहतो.

संदीप_ह्यू
डिपॉझिट परत मिळालं का? कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि जागा सोडल्यावर २१ दिवसांत हिशेब द्यावा लागतो. पैसे कधी रोख देऊ नका, लीजवर स्वतःचं नाव घाला. नवीन येणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

कोरी_पाटी
डिपॉझिट मिळालं, प्रश्न तो नाही.
@निनाद७, राज्य कॅलिफोर्नियाच. बे एरियात आहोत, आणि कुठे असणार! पत्रात गव्हर्नमेंट कोड १२९९३ एवढंच लिहिलंय. पण फ्रेस्नो कॅलिफोर्नियातच आहे ना? सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी जात आणि मूलनिवासित्व दोन्ही घातलं. अटर्नी आम्हाला टाळतोय असं मला वाटतं.

निनाद७
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. टाळतोय की नाही माहीत नाही, पण कलम खरं आहे. १२९९३च्या (सी) उपकलमात राज्याने म्हटलंय की नोकरी आणि घर या दोन बाबतींतल्या भेदभावाचं सगळं क्षेत्र राज्याचा कायदा व्यापतो, शहरांनी त्यात समांतर कायदा करायचा नाही (२०२५ पासून नोकरीच्या तक्रारींत काही अटींवर शहरांना थोडी मुभा आहे). फ्रेस्नोने केलं म्हणून तुमचा अटर्नी धोका पत्करेल असं नाही. त्याला उद्या कोर्टात शहराचा बचाव करायचा आहे.

म्हणून मागणी वेगळी मांडा. शहर स्वतः मालक आहे, तेव्हा शहराच्या कर्मचाऱ्यांसाठीचं धोरण. शहर कंत्राटं देतं, तेव्हा कंत्राटदारांच्या अटी. शहराचे हॉल, पार्क, वाचनालयं, उन्हाळी शिबिरं. या जागा शहराच्या आहेत. तिथे 'आमच्या हातात नाही' हे उत्तर देणं अटर्नीला फार अवघड जाईल.

अजेंड्याचं म्हणाल तर ब्राउन अ‍ॅक्ट, म्हणजे कॅलिफोर्नियाचा खुल्या सभांचा कायदा, वाचा. नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि त्यावर नसलेल्या विषयावर काउन्सिलला चर्चा करता येत नाही. तुम्ही तीन मिनिटं कितीही छान बोललात तरी ते गप्प बसणार. बहुमत होईल इतक्या मेंबरांना सभेबाहेर आपसात ठरवताही येत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे निरोप फिरवूनही नाही. त्यामुळे एकेकटा भेटला की मान डोलावतो आणि पुढे काही होत नाही. एक मेंबर पक्का पकडा, त्याला भर सभेत 'हा विषय पुढच्या अजेंड्यावर घ्या' असं म्हणायला लावा. बऱ्याच शहरांत दुसऱ्या मेंबरचा पाठिंबाही लागतो, तुमच्या सिटी क्लार्कला (काउन्सिलचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) नियम विचारा.

आणि एक राहिलं: खोली देणारा त्याच घरात राहत होता का?

कोरी_पाटी
हो, तिघे भाडेकरू होते, चौथी खोली रिकामी होती.

निनाद७
मग ऑर्डिनन्स आला तरी या मुलाला त्याचा उपयोग झाला नसता. सोबत कोणाला राहू द्यायचं ही निवड फेअर हाउसिंग कायद्याबाहेर (घर देताना भेदभाव नको या कायद्याबाहेर) आहे असं नवव्या सर्किटच्या कोर्टाने, म्हणजे कॅलिफोर्नियावर अधिकार असलेल्या फेडरल अपील कोर्टाने, २०१२ मध्ये सांगितलंय. काउन्सिलसमोर हीच गोष्ट मुख्य उदाहरण म्हणून सांगितलीत तर विरोधक दोन मिनिटांत ती बाजूला काढतील. नोकरीतलं, दुकानातलं, हॉलमधलं उदाहरण शोधा.

पावसाळी_गाव
पटत नाही. लोक कलमांनी हलत नाहीत. त्या मुलाची गोष्टच सभागृह हलवेल.

चवदारचा_शेजारी
मी महाडचा. तुम्ही जे मागताय ते आमच्या नगरपालिकेने शंभर वर्षांपूर्वी केलं होतं. समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. आणि पुढे? तळ्यावर कुणी जाऊ शकलं नाही, कारण ठरावामागे ना दंड होता ना कुणी अधिकारी. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले तेव्हा पहिल्यांदा पाणी प्यायलं गेलं, आणि त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. मग ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला.

म्हणून सांगतो, नुसता शब्द घालून घेऊ नका. तक्रार कुठे करायची, कोण ऐकणार, किती दिवसांत, हे त्याच कागदावर लिहून घ्या. आणि पुढचं काउन्सिल ते उलटवू शकतं, हे धरून चाला.

उत्तरा_सी
महाडला लोकांची डोकी फुटली. इथल्या एका खोलीशी त्याची तुलना करणं महाडवर अन्याय आहे.

चवदारचा_शेजारी
ताई, तुलना माराची नाही. कागदावर हक्क देऊन तो वापरू न देण्याची आहे.

सह्यकडा
अवांतर: अमेरिकेचं राहू द्या, मुंबईत मराठी माणसाला मांसाहारी म्हणून घर नाकारतात त्याचं काय? २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा 'फक्त पारशी' हा उपनियम वैध ठरवला, तेव्हापासून सगळ्या सोसायट्या तोच दाखला देतात. आपल्या महापालिका यावर काही करू शकतात का? जाणकारांनी सांगावं.

रानजाई
@सह्यकडा, प्रश्न महत्त्वाचा आहे, वेगळा धागा काढा, मीही लिहीन. आणि मुंबईत घर नाकारताना मांसाहाराच्या आडून जातच विचारलेली असते, हेही तिथे लिहा.

कोरी_पाटी
@निनाद७, शहराचे हॉल आणि कंत्राटं हा रस्ता आम्हाला कुणीच सुचवला नव्हता. एक काउन्सिल मेंबर आहे जी बहुतेक उभी राहील, तिला याच आठवड्यात भेटते. मुलाची गोष्ट मात्र मी सोडणार नाही. कायद्याचं उदाहरण म्हणून नसेल सांगता येत, तर आम्ही का आलो ते सांगायला सांगेन.
@चवदारचा_शेजारी, दादा, तक्रारीचं कलम मसुद्यात नव्हतं, घालते. शहराचा मानवी संबंध आयोग आहे, तक्रार त्याच्याकडे जावी असं लिहू का?
@उत्तरा_सी, शाळेत कुणी कुणाची जात विचारू नये हे आम्हालाही हवंय. ते वाक्य मसुद्यात कसं यावं, तुम्हीच लिहून द्याल का?

उत्तरा_सी
मसुदा वाचल्याशिवाय हो म्हणणार नाही. व्याख्येत कुठल्याही धर्माचं नाव आहे का?

कोरी_पाटी
नाही. जन्माने ठरणारा दर्जा, जातीतच लग्न, रूढीने घातलेली बंधनं, एवढंच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

निनाद७
आयोग नुसता सल्लागार असेल तर तक्रारीवर निर्णय देऊ शकणार नाही. आयोग ज्या ठरावाने स्थापन झाला तो सिटी क्लार्ककडून मागवा आणि इथे टाका. मग सांगतो.